बाबांचा सीडीएमए दुबईत बंद, माझा ४जी अमेरिकेत मुका, मग वीस वर्षांत बदललं काय?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. ऐरोलीला राहणाऱ्या एकांनी विचारलंय की २००५ साली बाबा कंपनीच्या कामाने दुबईला गेले तेव्हा त्यांचा सीडीएमए फोन (तेव्हा मोबाइलच्या दोन वेगळ्या पद्धती होत्या, जीएसएम आणि सीडीएमए) तिथे नुसता डबा झाला होता, नेटवर्कचा पत्ता नाही, आणि बरोबरच्या काकांचा साधा नोकिया मात्र विमानातून उतरल्या उतरल्या चालू. आता मागच्या वर्षी ते स्वतः न्यू जर्सीला बहिणीकडे गेले, फोन चांगला ४जी, इथलंच सिम, रोमिंग पॅक टाकलेला, व्हॉट्सअॅप मस्त चाललं, मेसेजही आले, पण साधा कॉल काही लागला नाही आणि आलाही नाही. भावोजी म्हणाले, "आता सगळ्या जगात एकच टेक्नॉलॉजी आहे, ते सीडीएमए-जीएसएमचं भांडण केव्हाच संपलं, तुझ्या फोनमध्येच लोचा आहे." तर खरं काय, आणि मुळात तेव्हाच सगळ्या जगाने बसून एकच स्टँडर्ड का नाही ठरवलं, असं त्यांचं विचारणं आहे. दिवाळीनंतर बाबांना घेऊन परत जायचंय म्हणतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी पंचवीस वर्षांच्या वर या धंद्यात आहे, सुरुवातीला आरएफमध्ये म्हणजे टॉवर, अँटेना, गाडीत लॅपटॉप घेऊन ड्राइव्ह टेस्ट, आणि नंतर बरीच वर्षं इंटरनॅशनल रोमिंगच्या टेबलावर. भावोजी अर्धे बरोबर आहेत. स्टँडर्ड आता खरंच एक आहे. पण फोनमध्ये लोचा असेलच असं नाही. बाबांच्या फोनचा रेडिओच तिथल्या टॉवरशी जुळत नव्हता, तुमचा जुळला, सिमची ओळख पटली, डेटा सुरू झाला, फक्त आवाज कुठल्या वाटेने न्यायचा ते दोन कंपन्यांमध्ये ठरलेलं नव्हतं. लोक वर्षानुवर्षं रेडिओवरून भांडले, पण रोमिंग रेडिओत नसतंच मुळी. रोमिंग असतं तुमची ओळख कोण पटवून देणार, कॉल कोण पोचवणार आणि पैसे कोण कोणाला देणार यात. हे एकदा नीट कळलं की दुबई आणि न्यू जर्सी दोन्हींचा उलगडा होतो.

तेव्हाच एक स्टँडर्ड का नाही झालं? कारण युरोप आणि अमेरिका यांची दुखणीच वेगळी होती.

युरोपात ऐंशीच्या दशकात प्रत्येकाचा आपापला अॅनालॉग फोन. नॉर्वे-स्वीडनकडे एनएमटी, ब्रिटनमध्ये टीएसीएस, जर्मनीचं सी-नेट्झ, फ्रान्सचं आणखी वेगळं. गाडीत फोन बसवलेला माणूस सीमा ओलांडून गेला की फोन मेला, आणि तिथे सीमा म्हणजे आपल्याकडे ठाण्याहून नाशिकला जाण्याइतक्या अंतरावर. म्हणून १९८२ मध्ये तिथल्या पोस्ट आणि टेलिफोन खात्यांनी मिळून एक गट बसवला, त्याचं फ्रेंच नाव ग्रुप स्पेस्याल मोबिल, त्यातूनच जीएसएम हे नाव आलं. १९८७ मध्ये कोपनहेगनला १३ देशांनी करारावर सह्या केल्या की आम्ही सगळे हेच लावणार. १ जुलै १९९१ ला फिनलंडमध्ये पहिला कॉल झाला आणि लगेच १९९२ मध्ये फिनलंडच्या टेलिकॉम फिनलंड आणि ब्रिटनच्या व्होडाफोनचा पहिला रोमिंग करार. म्हणजे जीएसएम जन्मालाच सीमा ओलांडायला आलेलं.

अमेरिकेत १९८३ पासून सगळ्या देशभर एकच अॅनालॉग सिस्टीम होती, अॅम्प्स. न्यूयॉर्कचा फोन कॅलिफोर्नियात चालायचा, त्यामुळे रोमिंगची तशी ओरड नव्हती. त्यांची ओरड होती की शहरांत चॅनल संपले, लाइन मिळत नाही. तिथल्या उद्योगाने १९८८ मध्ये मागणी केली ती दहापट कपॅसिटीची. आणि त्यांच्या सरकारी नियामकाने सांगितलं की स्टँडर्ड आम्ही लादणार नाही, बाजार ठरवेल. त्या मागणीला सॅन डिएगोच्या क्वालकॉमने दिलेलं उत्तर म्हणजे सीडीएमए, १९९३ मध्ये ते आयएस-९५ नावाने स्टँडर्ड झालं. एकाने पूल बांधला, दुसऱ्याने रस्ता रुंद केला. दोघांनी आपापलं काम चोख केलं.

आता मी सगळी हयात जीएसएमच्या बाजूने काढली तरी हे प्रामाणिकपणे सांगतो की रेडिओ म्हणून सीडीएमए सरस होतं. जीएसएममध्ये २०० किलोहर्ट्झची एक पट्टी घ्यायची, तिचे आठ टाइमस्लॉट म्हणजे वेळेचे तुकडे पाडायचे, आणि शेजारच्या टॉवरला तीच फ्रिक्वेन्सी द्यायची नाही, त्यामुळे फ्रिक्वेन्सी प्लॅनिंग करता करता आमचा जीव जायचा. सीडीएमएत सगळे टॉवर एकाच १.२५ मेगाहर्ट्झवर, प्रत्येक कॉलला वेगळा कोड, आणि चालत्या गाडीत फोन एकाच वेळी दोन-तीन टॉवरना धरून ठेवायचा, त्यामुळे एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाताना आवाज तुटायचा नाही. तुम्हाला आठवत असेल, जीएसएम फोन टीव्हीजवळ ठेवला की रिंग वाजायच्या आधी स्पीकरमधून टक टक टक टर्रर्र असा आवाज यायचा, तो त्या टाइमस्लॉटच्या ठोक्यांचा. सीडीएमएचा फोन असं करायचा नाही, कारण तो ठोके देत बोलत नाही, सलग बोलतो. गच्चीवर गेलं की लांबूनही ओळखू यायचं कोणाचा टॉवर आहे ते. सीडीएमएच्या टॉवरना एकमेकांशी घड्याळ अगदी जुळवून लागतं, म्हणून प्रत्येक साइटवर आळंब्यासारखी छोटी पांढरी जीपीएसची अँटेना असायची. आमच्याकडे त्याची गरजच नव्हती.

मग इतकं चांगलं असून बाबांचा फोन दुबईत का नाही चालला? पहिलं कारण उघड आहे, तिथे जीएसएमवाल्यांचंच नेटवर्क होतं, सीडीएमएचा टॉवरच नाही. पण त्याच्या खाली एक कारण आहे ते फार कमी लोकांना माहीत असतं आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

जीएसएममध्ये प्रत्येक सिमवर जास्तीत जास्त पंधरा आकडी एक ओळख असते, तिचे पहिले तीन आकडे म्हणजे देश. भारत ४०४ आणि ४०५, अमिराती ४२४, अमेरिका ३१०, जपान ४४०. परक्या टॉवरने हा नंबर वाचला की त्याला लगेच कळतं हा माणूस कुठला आणि कोणाला विचारायचं. तो मुंबईच्या कंपनीला विचारतो, हा तुमचाच का? इथून एक कोडं आणि त्याचं उत्तर जातं, तिथला टॉवर कोडं सिमला घालतो, सिमचं उत्तर जुळलं की आत घेतो. सिममधली गुप्त किल्ली कधी बाहेर पडत नाही, दुबईच्या कंपनीलाही ती दिसत नाही. म्हणजे एकमेकांवर फार विश्वास न टाकता दोन अनोळखी कंपन्या एकमेकांचे ग्राहक सांभाळू शकतात. सीडीएमएत जी मूळ ओळख होती, तिला मिन म्हणायचे, ती दहा आकडी आणि अमेरिकेच्या टेलिफोन नंबरच्या मापाने बेतलेली. त्यात देश हा प्रकारच नाही! अमेरिकेबाहेर सीडीएमए पसरलं तेव्हा दोन देशांत एकच मिन निघायची पंचाईत झाली, मग ० किंवा १ ने सुरू होणारे खास रोमिंगचे मिन वाटायला वेगळी व्यवस्था करावी लागली. घर बांधताना पाहुण्यांची खोली काढलीच नव्हती, ती नंतर गॅलरी बंद करून काढली, असं झालं ते. शिवाय कोअर नेटवर्कची, म्हणजे टॉवरच्या मागे बसून ओळख पटवणाऱ्या आणि कॉल जोडणाऱ्या यंत्रणेची, भाषा वेगळी, जीएसएमची मॅप नावाची आणि त्यांची एएनएसआय-४१. आणि इथल्या बहुतेक सीडीएमए फोनमध्ये काढता येणारं सिमच नसायचं, नंबर फोनमध्येच फीड केलेला. म्हणजे दुबईत दुसरा फोन विकत घेऊन त्यात सिम टाकायची सोयसुद्धा बाबांना नव्हती. काकांना होती.

काकांच्या नोकियाला आणखी एक नशीब होतं, ते बँडचं म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याचं. आपल्याकडे १९९५ ला मुंबईत बीपीएल आणि मॅक्सटच सुरू झाले ते ९०० मेगाहर्ट्झच्या जीएसएमवर, आखातातही ९००. आपल्या कोकणातल्या आणि मुंब्रा-भिवंडीतल्या किती घरांतली माणसं तिकडे नोकरीला, त्यांचे फोन दोन्हीकडे चालले. तेच काका अमेरिकेला गेले असते तर जीएसएम असूनही तो फोन चालला नसता, कारण तिथे जीएसएम ८५० आणि १९०० वर. म्हणून तर पुढे ट्राय बँड, क्वाड बँड फोन आले आणि लोक ते मुद्दाम विचारून घ्यायला लागले.

नवी मुंबईत राहून हे सगळं आम्ही अगदी जवळून बघितलं. देशातलं सगळ्यात मोठं सीडीएमए नेटवर्क चालायचं ते कोपरखैरण्याच्या धीरूभाई अंबानी नॉलेज सिटीतून, २८ डिसेंबर २००२ ला रिलायन्स इन्फोकॉम सुरू झालं आणि २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपयांत फोन द्यायला लागले. टाटांचं सीडीएमए तुर्भ्याला. आणि एकदा तर दोन्ही स्टँडर्डची टक्कर मी डोळ्यांनी बघितली, अक्षरशः गच्चीवर. वाशीतली एक सोसायटी, आमच्या साइटवर कॉल ड्रॉप एकदम वाढले, बोर्ड बदलले, केबल बदलली, अँटेना थोडी खाली वाकवून बघितली, काही फरक नाही. गंमत अशी की डाउनलिंक म्हणजे टॉवरकडून फोनकडे जाणारा सिग्नल छान होता, फोनवर दांड्या फुल, तरी कॉल तुटतोय. शेवटी स्पेक्ट्रम अनालायझर, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणारं यंत्र, घेऊन भर दुपारी गच्चीवर बसलो तेव्हा दिसलं. पाण्याच्या टाकीच्या पलीकडे महिनाभरापूर्वी एका सीडीएमए कंपनीची अँटेना लागली होती, तोंड बरोबर आमच्याकडे. भारतात सीडीएमएचे टॉवर बोलायचे ८६९ ते ८८९ मेगाहर्ट्झवर आणि आमचे टॉवर फोनचं ऐकायचे ८९० पासून पुढे. मध्ये फक्त एक मेगाहर्ट्झ. लांबच्या फोनचा कुजबुजण्याइतका आवाज आम्ही ऐकायला बसलोय आणि दहा पावलांवर दुसरा ओरडतोय. त्यांच्याकडे फिल्टर बसला, आमच्याकडे एक बसवला, अँटेना थोडी सरकवली, आणि ड्रॉप खाली आले. त्यांच्या इंजिनिअरची काही चूक नव्हती, तो त्याच्या नियमातच होता, मी माझ्या. अमेरिकेने ८५० चा बँड मोबाइलला दिला, युरोपने ९०० चा, आणि आपण दोन्ही आणून एकाच गच्चीवर ठेवले, त्याचा तो परिणाम.

म्हणून सरकारने एकच स्टँडर्ड लादायला हवं होतं का? यावर माझं मत लोकांना पटत नाही पण मांडतो. आपल्याकडे सुरुवातीच्या लायसन्समध्ये जीएसएमच लिहिलेलं होतं, १९९९ च्या धोरणापासून टेक्नॉलॉजी कंपनीने निवडायची असं झालं, म्हणूनच सीडीएमए येऊ शकलं. ते आलं नसतं तर कॉलचे दर इतक्या लवकर पडले नसते, रिक्षावाल्याच्या, भाजीवाल्या मावशींच्या हातात फोन इतक्या लवकर आला नसता, हे मी स्पर्धक कंपनीत बसून बघितलंय. म्हणजे रेडिओ कुठला वापरायचा ते खुलं सोडलं हे बरोबरच. चुकलं ते हे की ओळख, सिम आणि रोमिंग या गोष्टी मात्र कुणीही मोडायच्या नाहीत अशी अट घातली नाही. काढता येणारं सिम सक्तीचं केलं असतं तरी बाबांचं निम्मं काम झालं असतं.

३जीच्या वेळी जगाने खरंच एकत्र बसून एक स्टँडर्ड करायचा प्रयत्न केला होता, संयुक्त राष्ट्रांच्या आयटीयूने. निघाले पाच, १९९९ मध्ये. आणि २००७ मध्ये वायमॅक्स धरून सहा. गंमत म्हणजे जीएसएमवाल्यांनी सुद्धा ३जीसाठी रेडिओ घेतला तो सीडीएमएच्याच तत्त्वावरचा, डब्ल्यूसीडीएमए, आणि क्वालकॉमचा सीडीएमए-२००० समोर उभा. एरिक्सन आणि क्वालकॉमचं पेटंटचं भांडण १९९९ च्या मार्चमध्ये मिटलं. तरी दोन्ही वेगळेच राहिले, कारण जुन्या जीएसएम कोअरवर ज्यांचे कोट्यवधी ग्राहक होते ते ती सोडणार नव्हते आणि समोरचे आपली सोडणार नव्हते. चीनने तिसरंच काढलं. परत तेच, हवेत जवळपास एकच तत्त्व आणि खाली कोअर आणि हिशेब वेगळे.

खरा शेवट ४जीने केला. अमेरिकेतली सगळ्यात मोठी सीडीएमए कंपनी व्हेरायझन, तिच्यात व्होडाफोनचा हिस्सा होता, तिने २००७ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं की आम्ही पुढे एलटीईवर, म्हणजे आज ज्याला ४जी म्हणतो त्यावर, जाणार, आणि वर्षभराने क्वालकॉमने स्वतःचा ४जीचा नाद सोडून दिला. आपल्याकडे २०१६ मध्ये जिओ आलं ते थेट एलटीईवर, तेही घणसोलीहून, म्हणजे ठाणे-बेलापूर रोडवर कोपरखैरण्यापासून हाकेच्या अंतरावर. आणि त्यांच्या बँडांपैकी एक ८५० चा, जिथे आधी सीडीएमए चालायचं.

इथवर भावोजींचं बरोबर. आता उरलेलं अर्धं.

एलटीई जेव्हा बनवलं तेव्हा ते फक्त डेटासाठी बनवलं. २जी-३जीमध्ये कॉलसाठी जी वेगळी वाट असायची ती यात ठेवलीच नाही. मग कॉलचं काय? तर सुरुवातीला सोपा उपाय काढला की कॉल आला की फोनने ४जी सोडून खाली ३जी किंवा २जीवर उतरायचं, बोलणं झालं की परत वर. आणि कायमचा उपाय म्हणजे व्हीओएलटीई, आवाजही डेटासारखा पाठवायचा, पण त्यासाठी कंपनीकडे वेगळी यंत्रणा लागते, फोनमध्ये त्या त्या कंपनीची सेटिंग लागते, आणि रोमिंगमध्ये असाल तर दोन कंपन्यांनी त्यासाठी वेगळा करार आणि वेगळी टेस्टिंग करावी लागते. डेटाचा रोमिंग करार आहे म्हणून व्हीओएलटीईचा असतोच असं अजिबात नाही. बरीच वर्षं कोणी फिकीर केली नाही, कारण खाली उतरायला ३जी होतं ना.

मग अमेरिकेत २०२२ मध्ये ३जी बंद झालं. एटी अँड टीचं फेब्रुवारीत, व्हेरायझनचं सीडीएमए वर्षाच्या शेवटच्या दिवशी. आता तुमचं न्यू जर्सी बघा. फोन चालू केला, तिथल्या ४जी टॉवरने सिमची ओळख भारतात विचारून पटवली, डेटाचा करार होता म्हणून डेटा दिला. तुमचा डेटा तिथून भारतात येऊन मग इंटरनेटवर जातो, म्हणून थोडा संथही वाटला असेल. मेसेज छोटा असतो, तो ४जीच्या सिग्नलिंगमधूनच येऊ शकतो, म्हणून ओटीपी आले. कॉल आला तेव्हा व्हीओएलटीईचा करार नाही, नाहीतर फोनमध्ये रोमिंगचं व्हीओएलटीई बंद, नाहीतर तिथल्या कंपनीच्या चालणाऱ्या फोनच्या यादीत तुमचं मॉडेल नाही, आणि खाली उतरायला जमीनच उरली नाही. तीनपैकी नेमकं कुठलं ते मी इथे बसून सांगू शकत नाही पण बहुधा या तिघांपैकीच एक. बाबांच्या वेळी निदान फोनवर नेटवर्क नाही असं स्पष्ट दिसायचं. तुम्हाला दांड्या फुल दिसत होत्या आणि तरी तुम्ही फोनच्या बाहेर होतात. हे मला जास्त धोक्याचं वाटतं, कारण माणसाला वाटतं फोन चालू आहे.

ऑस्ट्रेलियात तर २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ३जी बंद करताना असं निघालं की काही फोन साधा कॉल ४जीवर करतात पण तातडीचा ०००चा कॉल लावताना मुकाट ३जीकडे जातात. म्हणजे रोजचं सगळं ठीक आणि नेमका अँब्युलन्सचा कॉल लागणार नाही. तिथे असे फोन नेटवर्कवरूनच बंद करायचा नियम केला. स्टँडर्ड एकच आहे हे कागदावर शंभर टक्के खरं असूनही असं होतं.

रोमिंगचं काम किती बारीक असतं याचं एक सांगतो. नवा करार झाला की परदेशी कंपनी कुरिअरने पाकिटात टेस्ट सिम पाठवते, आपण आपली त्यांना पाठवतो. माझ्या टेबलाच्या खणात देशवार पाकिटं लावलेली असायची, वर मार्करने देशाचा कोड. ती सिम फोनमध्ये घालून जाणारा कॉल, येणारा कॉल, मेसेज, डेटा, एकेक करून शीट भरायची, मग बिलाची फाइल दोन्हीकडे जुळते का बघायचं, आणि मगच सेवा चालू. एकदा एका परदेशी कंपनीची तक्रार आली की त्यांचे ग्राहक विमानतळावर उतरतात, फोन चालतो, अंधेरीत चालतो, चेंबूरपर्यंत चालतो, आणि वाशीचा खाडीपूल ओलांडला की नेटवर्क जातं. परत मुंबईकडे गेले की येतं. आम्ही टॉवर तपासले, रेडिओ तपासला, एक सिम घेऊन मी स्वतः टॅक्सीने पुलावरून चार फेऱ्या मारल्या, बरोबर मानखुर्द सोडल्यावर फोन शोधायला लागायचा. कारण शेवटी असं निघालं की आम्ही नवी मुंबईसाठी नवीन स्विच, म्हणजे टॉवरच्या मागचं कॉल जोडणारं यंत्र, सुरू केला होता, त्याचा नंबर ठरलेल्या कागदात भरून सगळ्या जगाला पाठवला होता, आणि त्या एका कंपनीने तो आपल्या टेबलमध्ये चढवलाच नव्हता. नव्या स्विचने विचारलं हा तुमचा का, आणि त्यांच्या यंत्राला विचारणाराच ओळखीचा नव्हता. टेबलमधली एक ओळ. रेडिओ तोच, फोन तोच, स्टँडर्ड तेच. म्हणून कोणी मला म्हणालं की एक स्टँडर्ड झालं की रोमिंगचा प्रश्न सुटला तर मला तो खाडीपूल आठवतो.

५जीमध्ये आपल्याकडे हाच वाद परत झाला, फार लोकांना माहीत नाही. आपल्या देशातल्या संस्थांनी, आयआयटी हैदराबाद आणि आयआयटी मद्रास त्यात होत्या, ५जीआय नावाचं आपलं रूप तयार केलं, खेड्यात टॉवर लांब लांब असतात तिथे कव्हरेज पोचावं म्हणून. आयटीयूने त्याला मान्यताही दिली. मोबाइल कंपन्यांनी विरोध केला की जगातल्या फोनमध्ये हे नसणार, वेगळे फोन, वेगळा खर्च, आणि रोमिंगचे वांधे. मला दोन्ही बाजू मनापासून पटत होत्या. खेड्याचा प्रश्न खरा होता आणि आपल्या लोकांनी तो जगासमोर मांडला याचा अभिमान आहेच, पण वेगळं स्टँडर्ड म्हणून ते राहिलं असतं तर पुन्हा कोणाचे तरी बाबा कुठल्या तरी विमानतळावर डबा घेऊन उभे राहिले असते. शेवटी त्यातलं तंत्र ३जीपीपी या जगभरची मोबाइल स्टँडर्ड लिहिणाऱ्या संस्थेच्या रिलीज १७ मध्येच सामावून घेतलं गेलं, आणि माझ्या मते तोच रस्ता योग्य. आपली गरज जागतिक स्टँडर्डच्या आत नेऊन बसवायची. वेळ लागतो, मीटिंगांत भांडावं लागतं, पण ते टिकतं.

आता दिवाळीनंतरच्या प्रवासाचं. बाबांचा फोन अमेरिकेतले बँड धरतो का ते मॉडेल नंबर टाकून बघा, बॉक्सवरच्या नावावर जाऊ नका, एकाच नावाचे फोन वेगवेगळ्या देशांसाठी वेगळ्या बँडचे निघतात. इथल्या फोनमध्ये साधारण १, ३, ५, ८, ४०, ४१ हे असतात, अमेरिकेत २, ४, ६६, १२, १३, ७१ जास्त लागतात. ५ दोन्हीकडे आहे, तोच ८५० चा, पण त्या एकट्यावर भरवसा ठेवू नका. मग आपल्या कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करा आणि रोमिंग आहे का असं विचारू नका, ते हो म्हणणारच. विचारा की अमेरिकेत कुठल्या कंपनीबरोबर तुमचं व्हीओएलटीई रोमिंग चालू आहे, नाव सांगा. पहिल्या माणसाला माहीत नसेल, वरच्याकडे द्या म्हणायचं. नाव मिळालं की तिथे उतरल्यावर ऑटोमॅटिक बंद करून तेच नेटवर्क हाताने निवडायचं. वायफाय कॉलिंग इथूनच चालू करून एकदा कॉल लावून बघा, परदेशातून त्यावर कॉल चालतो का आणि दर काय ते त्याच फोनवर विचारून घ्या. नाहीच जमलं तर तिथे पोचल्यावर तिथलं ई-सिम कॉलसाठी आणि आपलं सिम फक्त ओटीपीसाठी, तिथला तातडीचा ९११ लावायची वेळ आली तर निदान एक लाइन पक्की हवी, बाबांचं वय बघता हे मी टाळणार नाही.

आणि एक टेस्ट तर आज रात्री घरीच होईल. बाबांच्या फोनवरून तुम्हाला कॉल लावा आणि कॉल चालू असताना वरच्या पट्टीकडे बघा. ४जी आणि व्हीओएलटीई तसंच राहिलं तर ठीक. ते जाऊन तिथे २जी किंवा नुसता ई आला तर समजा की इथेसुद्धा त्यांचा प्रत्येक कॉल खाली उतरूनच होतोय, आपल्याकडे २जी अजून चालू आहे म्हणून कधी कळलं नाही. मग सेटिंगमध्ये व्हीओएलटीई चालू करा, अपडेट पडून राहिला असेल तर टाका, फोन बंद-चालू करा आणि परत कॉल लावून बघा. तरी खालीच उतरला तर मॉडेल नंबर आणि सिम कुठल्या कंपनीचं ते मला कळवा, पुढचं बघू.